दरवर्षी रेबीजची लस दिलीय, तेवढ्यावर कुत्र्याला जर्मनीला नेता येईल का?

नाही. दोन महिन्यांत तर नाहीच नाही. तुम्ही लिहिलंय की कार्डावर दरवर्षीचे शिक्के आहेत, घरचे म्हणतात तेवढं पुरे, आणि नाहीच जमलं तर सोसायटीत सोडून जा, वॉचमन घालेल खायला. हे वॉचमनचं वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

आमचा बंड्या पुण्यात तळजाई टेकडीच्या पायथ्याशी सापडलेला, अस्सल गावठी. नवऱ्याची बदली नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला झाली तेव्हा आमच्याकडंही असंच शिक्के मारलेलं कार्ड होतं आणि वेळही भरपूर होता. इकडच्या एका डॉक्टरांनी कातडीखाली ओळखीची चिप बसवली, पंधरा आकडी नंबरचं स्टिकर कार्डावर चिकटवलं आणि म्हणाले लस मागच्याच महिन्यात झालीय, तीच धरू. मी म्हटलं डॉक्टर, चिपच्या आधीची लस युरोपवाले मोजतच नाहीत असं वाचलंय. तर म्हणे, मॅडम गूगल कमी वाचा. नवराही म्हणाला त्यांना कळतं का तुला. मग रक्त काढलं, सिरम (रक्तातला पातळ भाग) परदेशी लॅबला गेलं, टायटर, म्हणजे लसीनं रक्तात किती प्रतिकारशक्ती आली त्याचा आकडा, हव्या त्या ०.५ च्या कितीतरी वर आला, सगळे खूश. आणि मुंबईच्या अ‍ॅनिमल क्वारंटाइनच्या सरकारी ऑफिसच्या कागदांची जुळवाजुळव करताना एका ओळखीच्या बाईंनी तारखा बघितल्या आणि म्हणाल्या अगं, लस आधी आणि चिप नंतर, हे सगळं बाद.

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आता चिप होती, त्यावर नवी लस, मग किमान ३० दिवसांनी रक्त, तेही युरोपियन युनियननं मान्य केलेल्याच लॅबमध्ये, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून पुढं ३ महिने थांबायचं. नवऱ्याची जॉइनिंग काही थांबणारी नव्हती, तो पुढं गेला, मी बंड्याला घेऊन मागं राहिले.

त्या वर्षी गणपतीत सदाशिव पेठेत सगळे जमलेलो, आरती झाली, पानं वाढली, आणि मोठे दीर भर पंगतीत म्हणतात कसे, "कुत्र्यासाठी नवऱ्याला परदेशात एकटं टाकणारी पहिलीच बघितली. एजंटला पैसे फेका, तारखा हव्या तशा करून देतो. आपला कुत्रा काय पिसाळलाय का?" सगळे हसले, मी मोदक वाढत होते म्हणून गप्प बसले.

तर भाऊजी, कुत्रा पिसाळलेला दिसत नाही हाच तर प्रश्न आहे. चावा लागल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत आठवडे, कधी काही महिने जातात, तोवर कुत्रा शेपूट हलवत फिरतो. टायटरवरून कळतं की लस लागू पडली, पण लसीआधीच रोग शिरला असेल तर ते त्यातून कळत नाही, त्यासाठी ते ३ महिने. जर्मनीनं जंगलात विमानातून लसीची आमिषं टाकून टाकून कोल्ह्यांमधला रेबीज संपवला, २००८ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडं अजून माणसं रेबीजनं मरतात. त्यांनी आपल्या कार्डावरच्या शिक्क्यावर का विश्वास ठेवावा? याला गोऱ्यांचे नखरे म्हणणाऱ्यांनी नायडू रुग्णालयात रेबीजच्या इंजेक्शनची रांग बघून यावी. आणि तारखा बदलून नेलंच आणि तिकडं पकडलं गेलं, तर कुत्रा परत पाठवतात नाहीतर तुमच्या खर्चानं कोंडून ठेवतात, अगदीच काही जमलं नाही तर मारायचीही कायद्यात सोय आहे. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

बंड्या रीतसर गेला. विमानतळावर चिप स्कॅन झाली, कागदाशी नंबर जुळला, संपलं.

तुमचं बोलायचं तर आधी कार्ड उघडून चिपची तारीख बघा. चिपच नसेल तर उद्याच बसवा, लस त्याच दिवशी चालते पण चिपनंतर, डॉक्टर काहीही म्हणोत. तिथून चार महिने तरी धरा. सरकारी हेल्थ सर्टिफिकेट शेवटी काढायचं, पोचायच्या आधीच्या १० दिवसांतलं लागतं. केबिनचं एअरलाइनला विचारा, मोठा कुत्रा खालीच जातो, बंड्याही तसाच गेला.

हे सगळं युरोपियन युनियनपुरतं हं. इंग्लंडला वर टेपवर्मचं, म्हणजे पोटातल्या जंतांचं, औषधही लागतं, अमेरिकेनं ऑगस्ट २०२४ पासून नियम बदललेत, तो वेगळाच कारभार. आणि एकदा टायटर पास झालं की बूस्टर एक दिवससुद्धा चुकवू नका, मग टायटर पुन्हा करावं लागत नाही.

जॉइनिंग पुढं ढकलता येत नसेल तर तुम्ही एकटे जा, पण कुत्रा वॉचमनकडं नाही, आईकडं ठेवा, आणि मुदत भरली की स्वतः येऊन घेऊन जा. मालकाच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तो पाळीव प्राण्यांच्या सवलतीत बसत नाही, व्यापारी मालाचे नियम लागतात. तिकिटाचा खर्च घरच्यांना सांगू नका.