मुदत संपलेली विंडोज आणि मोडू पाहिलेली ठेव

आपले पत्र सविस्तर वाचले. घरी स्वतः जोडलेल्या संगणकावर आपण भाषांतराचे काम करता आणि बँकेचे व गुंतवणुकीचे व्यवहारही त्यावरूनच करता. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि सध्या विंडोज १० चालू आहे. विंडोज १० ची मुदत नुकतीच संपल्यामुळे आपण तीन पर्याय मांडले आहेत : पूर्ण पैसे मोजून घेतलेली विंडोज ७ ची डिस्क पुन्हा वापरात आणावी, आहे त्या विंडोज १० वरच राहावे, किंवा मुदत ठेव मोडून नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घ्यावी व विंडोज ११ बसवावे. चिरंजीवांचा आग्रह तिसऱ्या पर्यायाचा आहे आणि आपला कल, पत्राच्या सुरावरून, पहिल्याकडे दिसतो. माझे मत असे की पहिला पर्याय सोडून द्यावा, तिसरा काही महिने पुढे ढकलावा आणि मधला काळ दुसऱ्यावर काढावा.

विंडोज ७ विषयी आपण लिहिता, “त्याचे पैसे आधीच दिलेले आहेत, मग ते वाया का घालवायचे?” हा प्रश्न माझ्याकडे घरे, विमा पॉलिसी आणि पडलेले शेअर यांच्या संदर्भात नेहमी येतो आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच असते. जो पैसा कोणत्याही निर्णयाने परत मिळणार नाही, तो आजच्या हिशेबात धरायचा नसतो. आज धरायचा तो पुढचा खर्च, आणि विंडोज ७ च्या बाबतीत तो दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. ही प्रणाली २००९ मध्ये बाजारात आली आणि १४ जानेवारी २०२० रोजी तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. क्रोमने २०२३ च्या सुरुवातीला तिची साथ सोडली, म्हणजे बँकेचे संकेतस्थळ उघडायला जो ब्राउझर लागतो तोही त्यावर जुनाच राहणार. शिवाय यूएसबी ३ आणि एनव्हीएमई (नव्या प्रकारच्या वेगवान) डिस्क यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे सॉफ्टवेअर, मूळ डिस्कमध्ये नसल्यामुळे नव्या भागांवर ती बसवणे हेच एक वेगळे काम होऊन बसते.

अपडेटचे मोल किती, हे २०१७ मध्ये दिसून आले. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या घातक प्रोग्रामने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी मार्चमध्येच दिली होती. मे महिन्यात हल्ला झाला तेव्हा ज्यांनी ती बसवलेली नव्हती त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या, आणि त्यांतले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते. तेव्हा निदान दुरुस्ती उपलब्ध तरी होती. आज विंडोज ७ मध्ये नवी त्रुटी सापडली, तर ती कायमची उघडी राहील. ज्या यंत्रावर ग्राहकांचे गोपनीय दस्तऐवज आणि आपली स्वतःची बचत दोन्ही आहेत, त्यावर एवढी जोखीम घेण्याच्या बदल्यात वाचते काय, तर एका परवान्याची किंमत. हा सौदा मला पटत नाही.

एक अपवाद मात्र मान्य करतो. आपला जुना स्कॅनर विंडोज ७ वरच चालतो असे आपण लिहिले आहे. त्यासाठी ती प्रणाली वेगळ्या डिस्कवर ठेवावी, स्कॅन करायचे असेल तेव्हाच त्या डिस्कवरून संगणक सुरू करावा आणि त्या वेळी इंटरनेटची जोडणी काढून ठेवावी. घेतलेल्या परवान्याचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

आता विंडोज १०. तिचा अधिकृत कालावधी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली असून तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडून ठेवल्यास वेगळे पैसे पडत नाहीत; ते नको असेल तर एकदाच शुल्क भरण्याची सोय आहे. कंपनीच्या डोमेनला, म्हणजे तिच्या मध्यवर्ती नेटवर्कला, जोडलेल्या संगणकांना ही योजना लागू होत नाही. आपला संगणक तसा नाही. माझ्या दृष्टीने ही जवळजवळ फुकट मिळालेली मुदतवाढ आहे, आणि ती हातात असताना ठेव मोडणे म्हणजे हप्ता लांबवता येत असूनही उसनवारी करण्यासारखे आहे.

चिरंजीवांचे म्हणणे मात्र चुकीचे नाही, फक्त घाईचे आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-सोय) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागते. अनेक घरगुती संगणकांत टीपीएम मुळातच असते, पण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने. ते सुरू केल्यावर ज्यांचा प्रश्न मिटतो त्यांनी एकही नवा भाग विकत घेऊ नये. आपली अडचण वेगळी आहे : मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचे प्रोसेसर आहेत, सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर नाहीत. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या आहेत आणि आपल्या प्रोसेसरवर ते चालेलही. परंतु अशा संगणकाला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे कंपनीनेच सांगून ठेवले आहे. दावा मंजूर होईलच याची लेखी हमी नसलेली विमा पॉलिसी मी कुणाला घ्यायला सांगत नाही. त्याच न्यायाने कमाईच्या यंत्रावर ही युक्ती नको.

आता आकडे पाहू. आपण दिलेल्या अंदाजांत मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम यांचा एकत्रित खर्च १०० मानला, तर विंडोज ११ चा रिटेल (सुटा विकत मिळणारा) परवाना साधारण ३० येतो, ओईएम (संगणक बनवणाऱ्यांसाठीचा) परवाना २० आणि आपल्याला कुठेतरी दिसलेली “स्वस्त की”, म्हणजे परवान्याचा नुसता सांकेतिक क्रमांक, ५. या शेवटच्या वस्तूबद्दल आधी बोलतो, कारण मोह तिथेच आहे. अशा किल्ल्या बरेचदा मोठ्या संस्थांच्या व्हॉल्यूम (एकगठ्ठा) परवान्यांतून फुटलेल्या असतात, सुरुवातीला चालतात आणि पुढे कधीही रद्द होऊ शकतात. तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? हिशेबात तिला स्वस्त परवाना म्हणू नये, ५ चा संभाव्य तोटा म्हणावे.

ओईएम आणि रिटेल यांतली निवड मात्र खरोखर विचार करण्याजोगी आहे. ओईएम परवाना ज्या मदरबोर्डवर सुरू केला त्याच्याशीच बांधलेला राहतो, तर रिटेल परवाना जुन्या संगणकावरून काढून नव्यावर नेता येतो. तयार संगणक घेऊन तो शेवटपर्यंत तसाच वापरणाऱ्याला हा फरक जाणवणार नाही. आपण मात्र स्वतः भाग जोडणारे आहात. बोर्ड जळाला किंवा बदलावासा वाटला की ओईएमचे २० पुन्हा मोजावे लागतील आणि एकूण खर्च ४० होईल, जो रिटेलच्या ३० पेक्षा जास्त आहे. एकाच बदलात हिशेब उलटतो, म्हणून रिटेलच घ्यावा. त्याआधी सध्याच्या विंडोज १० चा परवाना कोणत्या प्रकारचा आहे हेही तपासावे. तो रिटेल निघाला आणि त्याच्या अटींत नव्या बोर्डवर नेण्याची मुभा असली, तर विंडोज १० वरून ११ वर जाण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत आणि ते ३० वाचतात.

म्हणजे जास्तीत जास्त खर्च १३०. हा संगणक सात वर्षे चालला, तर वर्षाला साधारण १९ पडतात, आणि कमाईच्या साधनासाठी ते जड नाहीत. जड आहे ते ठेव मुदतीआधी मोडणे, कारण त्यात व्याजदर घटतो, काही ठिकाणी दंडही लागतो आणि आपली ही ठेव हाच आपला आपत्कालीन निधी आहे. त्याऐवजी पुढचे दहा महिने भाषांतराच्या उत्पन्नातून दरमहा १३ बाजूला काढावेत आणि ते वेगळ्या खात्यात ठेवावेत. दहाव्या महिन्यात पूर्ण रक्कम हातात येते आणि ठेवीला धक्काही लागत नाही. मधल्या काळात संगणकच बंद पडला, तर ती खरी आपत्ती आहे; तेव्हा ठेव मोडायला माझी हरकत राहणार नाही.

विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीबद्दल आपण एका ओळीत विचारले आहे. तिच्या उबुंटू २४.०४ या आवृत्तीला नेहमीचा पाठिंबा २०२९ पर्यंत आहे, ते सध्याच्या यंत्रावर सहज चालेल आणि त्याला परवान्याचे पैसे लागत नाहीत. आपल्या ग्राहकांना ज्या भाषांतर सॉफ्टवेअरमधल्या फायली लागतात ते फक्त विंडोजवर चालते, म्हणून मुख्य यंत्रासाठी मी ते सुचवत नाही. पण पुढच्या वर्षी निघणारा जुना बोर्ड आणि प्रोसेसर भंगारात देऊ नये. त्यांवर उबुंटू बसवून घरातला दुसरा संगणक तयार होईल आणि चिरंजीवांच्या अभ्यासासाठी वेगळी खरेदी करावी लागणार नाही.

खरेदीची वेळ येण्याआधी दोन कामे करून ठेवावीत. भाषांतराच्या सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि आपल्या मुद्रकाचा व भाषांतर सॉफ्टवेअरचा विंडोज ११ शी मेळ बसतो का, हे त्यांच्या उत्पादकांकडून खात्री करून घ्यावे. त्यांपैकी एखाद्याची नवी आवृत्ती विकत घ्यावी लागणार असेल, तर तिची किंमत वरच्या १३० मध्ये मिळवून मासिक रक्कम त्याप्रमाणे वाढवावी.