गोष्टी येत नसतील तर मुलांना झोपवताना काय सांगायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलं ६ आणि ३ वर्षांची, माहेर शिरपूरकडचं, आता पुण्यात फ्लॅटमध्ये. रात्री मोबाईल काढून घेतला की रडारड. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "मला गोष्टी येतच नाहीत, आणि सणवारही नुसते सुट्टीसारखे निघून जातात." मला हे दोन वेगळे प्रश्न वाटत नाहीत. आमच्या घरी एक सुटला तेव्हा दुसराही सुटला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी जळगावात राहते. माहेर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठी. लेक ७ वर्षांची, धाकटा ४ चा. नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी तर एक आठवडा रात्रपाळी. म्हणजे महिन्यातल्या निम्म्या रात्री मुलांना मी एकटीच झोपवते.

आधी माझी चूक सांगते. लेकीला बालवाडीत घातलं तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, पोरगी "मना, तुना" (माझा, तुझा) करते, घरी शुद्ध मराठी बोलत जा. मी घाबरले आणि घरात अहिराणी, म्हणजे आमची खान्देशी बोली, बंद केली. माझी आई आमच्याकडे राहायला आली की मुलांशी बोलताना अडखळायची. एकेक शब्द चाचपून बोलायची, आणि मग हळूहळू गप्पच बसायला लागली. ज्या बाईनं मला लहानपणी रोज रात्री नवी गोष्ट सांगितली, तिला माझ्या मुलांशी बोलायला भाषाच उरली नाही. हे मी केलं होतं. आजही आठवलं की जीव तुटतो.

गोष्टींची पुस्तकं मीही आणली. लेक चित्रं बघायची, धाकटा पान ओढायचा आणि दहा मिनिटांत मोबाईल मागायचा. मी वाचत होते, सांगत नव्हते, हे मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं दोन वर्षांपूर्वी आखाजीला. अक्षय्य तृतीया म्हटलं की बाकी महाराष्ट्रात सोनं आणि आमरस, पण खान्देशात ती आखाजी, लेकीबाळींचा सण, आमची दिवाळीच म्हणा. वैशाखातलं ऊन, पारा ४५ च्या घरात, आणि तरी सासुरवाशिणी माहेरी निघालेल्या. आम्ही पोचलो त्या रात्री लाईट गेली. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, आत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून सगळे वर धाब्यावर गोधड्या टाकून झोपलो. मोबाईलची बॅटरी संपलेली. धाकटा रडायला लागला. आईनं त्याला पोटाशी घेतलं आणि माझ्याकडे न बघता सुरू केलं, "एक व्हती डोकरी. तिना घरमोरे निंबनं झाड व्हतं."

डोकरीनं, म्हणजे म्हातारीनं, निंबाला झोका बांधला, आखाजीला येणाऱ्या लेकीसाठी. मग कावळा आला, विचारतो, हा झोका माझा का? डोकरी म्हणते, "नही रे बाप्पा, हाऊ झोका मन्ही पोरना शे." मग खार आली, मग बकरी आली, मग गावचा म्हातारा बैल आला. दर वेळी तोच प्रश्न, तेच उत्तर. बैलापर्यंत आलो तोवर माझा दोन वर्षांचा मुलगा, ज्याला अहिराणीचा एक शब्द कानावर पडू दिला नव्हता, तो डोकरीच्या आधीच "पोरना शे" म्हणायला लागला. लेक हुंकार देत होती. बैल झोक्यावर बसला का, ते मला माहीत नाही, कारण मीही झोपले होते.

सकाळी आईला विचारलं, ही गोष्ट कुठली? म्हणाली, कुठली म्हणजे? समोर झोका होता.

तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच आहे. गोष्ट आधी येऊन मग सांगायची नसते. दिवसभरात मुलाच्या हाताला जे लागलं, त्याचीच रात्री गोष्ट होते. आणि सणाच्या दिवसात मुलाच्या हाताला भरपूर लागतं, फक्त आपण त्याला "बाजूला हो, सांडशील" म्हणायचं नाही.

आखाजीचंच घ्या. आमच्याकडे पितरांसाठी घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाण्यानं भरायची, वर खरबूज, सांजोऱ्या आणि आंबा ठेवायचा. चुलीपाशी निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकायची. माझे वडील गेल्यापासून त्यांच्या नावाची घागर असते. धाकट्यानं विचारलं, आजोबा एवढं पाणी पितील? आई म्हणाली, "उन्हाया शे ना बेटा." बास, एवढंच. त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतः गोष्ट सांगितली. आजोबा लहान होते, विहिरीवर मोट चालायची, त्या मोटेचा जुना नाडा ते पोरींसाठी निंबाला बांधून द्यायचे आणि आधी स्वतः बसून बघायचे, तुटतो का. गोष्टीत याहून जास्त काही नव्हतं. मुलांनी ती पुढच्या आठवडाभर रोज मागितली.

तुम्ही म्हणाल, आमच्या वडिलांचं असं काही आठवत नाही. आठवेल. आखाजीला आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल संपतं आणि नवं ठरतं. नवा सालदार पहिल्या दिवशी अनोळखी बैलांजवळ जातो तेव्हा काय होत असेल? खापरावर मांडा (मोठी पुरणपोळी) टाकताना तो हातावरून कसा मोठा होत जातो, आणि एखाद्या वेळी तो मनगटावरच फाटला तर? यातल्या प्रत्येकाची गोष्ट होते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आमच्या जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. जातं, नांगर, पाखराचा खोपा, जे डोळ्यांसमोर होतं त्यावरच त्या ओव्या रचत गेल्या, आणि मुलानं, सोपानदेवांनी, त्या लिहून ठेवल्या म्हणून आपल्याला मिळाल्या. आपण काही बहिणाबाई नाही. पण "मला येत नाही" म्हणताना मला त्यांची आठवण होते आणि मी गप्प बसत नाही.

श्रावणात कानबाई, आमच्या खान्देशची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई बसते, रात्रभर जागर, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. भाऊबंदकी कितीही असो, रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जेवणासाठी, सगळे एका घरात जमतात. आमच्याकडे रोटाचे गहू माणशी सव्वा मूठ घेतात, पण माणशी म्हणजे घरातल्या पुरुषांच्या नावानं. गेल्या वर्षी काका मुठी मोजत होते आणि लेक समोर उभी. वडिलांची झाली, धाकट्याची झाली. तिनं विचारलं, "माझी?" काका थांबले. सगळेच थांबले. मग माझ्या सासूबाईंनी काही न बोलता तिचा हात धरला, गव्हात घातला आणि तिच्याच मुठीनं मूठ काढली. वरची पाव मूठ आजीनं घातली. मला त्या क्षणी सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं. आता मूठ मोजायची गोष्ट आमच्या घरात सगळ्यात जास्त मागणीची आहे, आणि ती सांगायचा मान आजीचा. दर वेळी त्यात काकांची मिशी थोडी मोठी होते.

पोळ्याला मातीचे बैल करा, त्यांना नावं ठेवा, नावं ठेवली की गोष्ट सुरू झालीच. थंडीत शेतात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांवर वांगी भाजून भरीत होतं, तिथं निखारे विझेपर्यंत मोठी माणसं काय बोलतात ते मुलांना ऐकू द्या, झोपली तरी उचलून आणता येतं.

पण फ्लॅटमध्ये सगळ्यात सोपी आहे ती गुलाबाई, मुलींचा गाण्यांचा सण. कुणी भुलाबाई म्हणतं. भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते, म्हणजे पूर्ण महिनाभर रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं. शंकर रुसून निघून गेले, पार्वतीनं भिल्लिणीचं रूप घेतलं, ते भुलले म्हणून भुलोजी, अशी तिची कथा सांगतात. गाणी झाली की झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. आवाज कोरडा की ओला, जड की हलका? मी हा डबा वर्षभराचा केला आहे. दिवसात मिळालेली एखादी वस्तू रात्री डब्यात टाकते, निंबोळी, बांगडीचा तुकडा, चिंचोका, दादर ज्वारीचे चार दाणे. मुलं हलवून ओळखतात, आणि जे निघेल ते गोष्टीत आलंच पाहिजे असा नियम. लेक हल्ली डब्यात काय टाकायचं ते शाळेतून येतानाच शोधून ठेवते. मोबाईल सुटला तो खरं तर डब्यामुळे. ओढून घेतला असता तर सुटला नसता.

थोडं कामाचं. तुमचा ३ वर्षांचा आहे, त्याला गोष्ट कळायची गरज नाही, त्याला परत परत येणारी एक ओळ हवी. डोकरीचं उत्तर, किंवा चिमणीच्या दारावरची टकटक. ती ओळ त्याची. ६ वर्षांच्या मुलाला मात्र नुसतं ऐकायला कंटाळा येतो, त्याला मध्ये मध्ये विचारा, "मंग काय व्हयनं?" तो सांगेल तेच खरं धरा, तुमची गोष्ट मोडली तरी. दोघांकडून हुंकार घ्या. हुंकार बारीक होत गेला की आवाज आणखी हळू करायचा, आणि थांबला की लगेच उठायचं नाही, दोन वाक्यं आणखी बोलायची. लगेच उठलं की डोळे उघडतात, हे मी फार वेळा केलंय. झोपताना भुताची गोष्ट नको, अमावास्येची तर नकोच. आमच्याकडे एकदा नवऱ्यानं सांगितली आणि पुढचे चार दिवस मोरीत एकटं जायला कुणी तयार नव्हतं. तीच गोष्ट दहाव्यांदा मागितली तर दहाव्यांदा सांगा, आणि एक शब्द बदलून बघा, लगेच पकडतात.

रात्रपाळीच्या आठवड्यात नवरा जेवणाच्या सुट्टीत गोष्ट बोलून पाठवतो. मागे मशीनचा आवाज असतो. फोन उशीखाली पालथा ठेवून आम्ही तिघं ऐकतो. म्हणजे मोबाईल घरात आहेच, पण त्यातून बापाचा आवाज येतो. मुलांना आता चटई कशी विणतात ते मला कळतं त्यापेक्षा जास्त कळतं.

भाषेचं अगदी मनापासून सांगते. घरी जी बोली असेल तीत सांगा. शिरपूरकडची अहिराणी तुमच्या तोंडात असेलच, पुण्यात कदाचित दारातच काढून ठेवली असेल. माझी लेक आता शाळेत मराठी नीट बोलते, लिहिते, तिचं काहीही बिघडलं नाही. आणि आई जळगावला आली की रात्री नऊला तिच्या गोधडीत तिघं असतात, मला जागा नसते.

तुम्हाला सणाची वाट बघायची गरज नाही. आज रात्री मुलांना घेऊन आडवं व्हा, आईला फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि एवढंच विचारा की तू लहान होतीस तेव्हा आखाजीचा झोका कुठल्या झाडाला बांधायचे. मग तुम्ही मध्ये बोलू नका.