मोजली न जाणारी धाव

प्रिय पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शिबिराला बोलावणं आलंय, पण स्पर्धक म्हणून नाही. मोठ्या मुलींच्या पंधराशे मीटरच्या चाचणीत पहिल्या दोन फेऱ्या पुढे राहून वेग धरून द्यायचा आणि मग बाजूला व्हायचं, एवढंच काम. निकालाच्या कागदावर तुझं नाव नसणार. ‘सर, हा अपमान समजू की संधी?’ असं तू विचारलंस, आणि शेवटी घाईघाईत लिहिलंस की घरचे पोलीस भरतीचा अर्ज भर म्हणताहेत. दोन्हीचं उत्तर आधीच देतो. शिबिराला जा, आणि अर्जही भर. असं का म्हणतो, ते समजावायला मात्र ऑस्ट्रियापर्यंत जावं लागेल.

ऑस्ट्रियाचा स्कीपटू हेर्मान मायर हे नाव तुला ठाऊक आहे, कारण १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमधल्या त्याच्या पडण्याचा व्हिडिओ तूच मला पाठवला होतास. बर्फावरून ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाने येणारा माणूस हवेत फेकला जातो, डोकं खाली पाय वर होतो, सुरक्षेच्या दोन जाळ्या फाडून पलीकडच्या भुसभुशीत बर्फात आदळतो आणि उठून उभा राहतो. तारीख होती १३ फेब्रुवारी. १६ तारखेला त्याने सुपर-जीचं (उतारावरच्या वेगवान शर्यतीचं) सुवर्णपदक घेतलं आणि १९ला जायंट स्लॅलमचं (खांबांच्या जोड्यांमधून वळणं घेत दोन फेऱ्यांत उतरायच्या शर्यतीचं). जग त्याला या एका आठवड्यावरून ओळखतं. मी तुला त्याच्या आयुष्यातली वेगळी तारीख सांगणार आहे: ६ जानेवारी १९९६.

त्याआधी थोडं मागचं. मायर १९७२चा, साल्झबुर्ग प्रांतातल्या फ्लाखाऊ गावचा. वडिलांची तिथे स्कीइंगची शाळा होती. पोरगा लहानपणापासून बर्फावर. किशोरवयात त्याला श्लाडमिंगच्या स्की अकादमीत घातलं. निवासी शिक्षण, अभ्यास आणि सराव एकत्र, तुझ्या त्या प्रबोधिनीसारखंच. पण तो चणीने बारीक होता, वजन भरत नव्हतं, वाढीच्या वयातला गुडघ्यांचा त्रास होता. तिथून त्याला घरी पाठवलं.

तुला काढलं तेव्हा तू मला फोनवर म्हणालीस, ‘त्यांनी मला ओळखलंच नाही.’ मला हे वाक्य आवडलं नव्हतं, आणि मायरच्या बाबतीतही मी ते म्हणणार नाही. पंधरा वर्षांच्या त्या मुलाचं शरीर तेव्हा खरंच तयार नव्हतं. अकादमीने त्या दिवशी जे समोर होतं ते पाहिलं. चार वर्षांनंतरचं शरीर कुणालाच दिसत नाही. शिवाय ऑस्ट्रियात स्कीइंग म्हणजे साधासुधा खेळ नाही. प्रत्येक खोऱ्यात क्लब आहे, वेगवान मुलांची रांग लागलेली आहे. स्कीइंगचा विश्वचषक म्हणजे हिवाळाभर गावोगावी होणाऱ्या शर्यतींची मालिका, हंगामाअखेर गुणांवरून एकूण विजेता ठरतो. पुढे २१ डिसेंबर १९९८ला इन्सब्रूकजवळच्या पात्शरकोफेल डोंगरावर या विश्वचषकाची सुपर-जी झाली, तिच्यात पहिले नऊच्या नऊ ऑस्ट्रियन होते. मायर पहिला. अशा देशात निवड समितीला कुणासाठी थांबावं लागत नाही. रागावून उपयोग नसतो, आणि त्यांचा निर्णय म्हणजे आपल्यावरचा शेवटचा शब्द असं मानणं तर त्याहून वाईट.

घरी आलेल्या मायरने गवंडीकाम शिकून घेतलं. उन्हाळ्यात विटा रचायच्या, हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना स्कीइंग शिकवायचं. हे वर्ष-दोन वर्षं नाही, बरीच वर्षं चाललं. त्याच्याबद्दल लिहिणारे लोक हा भाग एका ओळीत उरकतात, ‘गवंड्याचा विश्वविजेता झाला’ म्हणतात आणि पुढे जातात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. कारण त्या वर्षांत त्याच्याकडे प्रशिक्षकांचा ताफा नव्हता आणि त्याच्या नावाची कुठे चर्चाही नव्हती. पण दोन गोष्टी होत्या. पोटापाण्याचं काम होतं, म्हणून स्कीइंग हे घरावरचं ओझं झालं नाही. आणि सबंध हिवाळा तो रोज बर्फावर होता. शिकाऊ माणसांना शिकवत का होईना, पण बर्फावर. स्थानिक शर्यती तो सोडत नव्हता. अंग भरलं, खांदे-मांड्या तयार झाल्या. जे शरीर अकादमीत तयार नव्हतं ते बांधकामावर तयार झालं.

म्हणून भरतीच्या अर्जाबद्दल तू ‘हार मानणं’ हा शब्द वापरलास तो मागे घे. तुझ्या वडिलांनी सांगितलंय ते तुझ्या भल्याचं आहे. भरतीच्या मैदानी परीक्षेतही धावायचंच आहे. नोकरी लागली तर खुराकाची, बुटांची, प्रवासाची चिंता मिटेल, आणि पोलीस दलाच्या स्वतःच्या क्रीडास्पर्धा असतात हे तुला ठाऊक आहे. नोकरी आली म्हणून धाव सुटत नाही. रोजचा सराव सुटला की सुटते.

आता ती तारीख. जानेवारी १९९६मध्ये विश्वचषकाची जायंट स्लॅलम शर्यत फ्लाखाऊत भरली, मायरच्या घरच्या उतारावर. मोठ्या शर्यतीआधी काही स्कीपटूंना उतारावरून सोडतात. ते स्पर्धक नसतात. बर्फ किती धरतोय, गेट म्हणजे वळणाचे खांब नीट रोवले आहेत का, घड्याळाची यंत्रणा चालतेय का, हे सगळं त्यांच्या धावेतून तपासलं जातं. त्यांना अनुक्रम नाही, गुण नाहीत, बक्षीस नाही. तेवीस वर्षांचा मायर त्या दिवशी अशांपैकी एक होता. तो उतरला, आणि त्याची वेळ अशी आली की तो स्पर्धक असता तर बारावा आला असता. विश्वचषकात, जगातल्या निवडक लोकांमध्ये. जी धाव मोजायचीच नव्हती तिने लोकांना मान वळवून बघायला लावलं.

त्यानंतरचं सगळं भराभर झालं. त्याला विश्वचषकाच्या खालच्या पातळीच्या युरोपियन चषकात संधी मिळाली, पुढच्याच महिन्यात तो विश्वचषकाच्या शर्यतीत उतरला, आणि २३ फेब्रुवारी १९९७ला गार्मिशमध्ये सुपर-जी जिंकून त्याने विश्वचषकातला पहिला विजय मिळवला. पुढल्या वर्षी नागानो. १९९८, २०००, २००१ असे तीन हंगाम तो एकूण विजेता. १९९९-२०००च्या हंगामात दोन हजार गुण करणारा तो पहिला पुरुष स्कीपटू. त्यापुढच्या हंगामात तेरा विजय, म्हणजे स्वीडनच्या इंगेमार श्टेनमार्कच्या जुन्या विक्रमाशी बरोबरी. ही यादी मी इथेच थांबवतो, तुला ती सहज सापडेल.

मला सांगायचंय ते हे की त्या सकाळी तो तयार होता. विश्वचषक गावात आला हे नशीब म्हण. पण ते नशीब गावातल्या इतर पोरांच्याही वाट्याला आलं होतं. ‘नाहीतरी वेळ मोजणार नाहीत’ म्हणून जो अंग राखून उतरतो त्याच्यासाठी ती सकाळ उतार तपासण्यातच संपते. घड्याळ तर तपासणीसाठी चालूच असतं. तुझ्या शिबिरातही ज्यांच्या हातात घड्याळ असेल ते तुझ्या दोन फेऱ्यांची वेळ घेणारच, कारण त्यावरच मागच्या मुलींची चाचणी उभी आहे.

तुझं काम जरा वेगळं आहे, हे विसरू नकोस. मायरला जमेल तितकं वेगात खाली यायचं होतं. तुला सांगितलेल्या वेगात धावायचंय, आणि ते जास्त कठीण आहे. फेरी एकाहत्तर सेकंदांची सांगितली तर एकाहत्तरचीच हवी. पहिले दोनशे मीटर पस्तिसात यायला हवेत, तिथे तू दाखवण्यासाठी बत्तिसात गेलीस तर मागच्या मुलींची चाचणी वाया जाईल, आणि प्रशिक्षकांच्या लक्षात राहील ते एवढंच की या मुलीला वेग कळत नाही. यवतेश्वरच्या घाटात तू चढावर सुरुवातीला सुटतेस आणि वर पोचेपर्यंत दम संपतो. हीच तुझी जुनी खोड आहे, आणि ती मोडायला याहून चांगलं काम मिळणार नाही. एकसारखी धावणारी मुलगी प्रशिक्षकाला लगेच दिसते. बाजूला कुठल्या अंगाने व्हायचं ते आधी विचारून घे, आणि झाल्यावर मैदान सोडून जाऊ नकोस. शेवटपर्यंत उभी राहून त्या मोठ्या मुली शेवटची फेरी कशी काढतात ते नीट बघ. खांदे कधी आवळतात, कोण कुठे वेग बदलते. हे बघायला एरवी तुला कुणी आत घेणार नाही.

एक गोष्ट नागानोबद्दल सांगून ठेवतो, कारण तू तो व्हिडिओ पाठवताना खाली लिहिलं होतंस, ‘असं पाहिजे.’ नाही, असं नको. तो वाचला तो मऊ बर्फामुळे. खांद्याला आणि गुडघ्याला मार बसला तरी काही मोडलं नव्हतं, आणि संघाचे डॉक्टर बरोबर होते. तुझ्या नडगीत दुखतंय हे तू तिसऱ्या पानावर एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. हाडावर बोट ठेवून एकाच जागी दुखत असेल तर धावणं लगेच थांबव, डॉक्टरांना दाखव, त्यासाठी शिबिर चुकलं तरी चालेल. पडून तिसऱ्या दिवशी जिंकणाऱ्याची गोष्ट सगळे सांगतात. तिसऱ्या दिवशी धावले आणि कायमचे संपले, अशांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, आणि तशी मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

मायरकडून दुखण्याबद्दल शिकायचंच असेल तर २००१ पासून पुढचं शीक. २४ ऑगस्टला राडश्टाटजवळ त्याच्या मोटरसायकलची मोटारीशी धडक झाली. उजवा पाय गुडघ्याखाली असा चिरडला की पाय राहतो की जातो अशी वेळ आली. तासन् तास शस्त्रक्रिया चालली, हाडात टायटॅनियमचा दांडा घातला. तेव्हा तो जगातला पहिल्या क्रमांकाचा स्कीपटू होता. सॉल्ट लेक सिटीचं २००२चं ऑलिंपिक गेलं, सबंध हंगाम गेला. त्या काळात संघातलाच श्टेफान एबरहार्टर दोन हंगाम एकूण विजेता झाला आणि ऑलिंपिकचं जायंट स्लॅलम सुवर्णही त्याने घेतलं. एबरहार्टरची गोष्टही कधी तरी वाच. १९९१चा विश्वविजेता, मग दुखापतींनी संघाबाहेर गेलेला आणि खालच्या पातळीवरून पुन्हा वर आलेला. ऑस्ट्रियाच्या त्या संघात असा माणूस एकटा मायर नव्हता.

मायर परतला तो जानेवारी २००३मध्ये, आडेलबोडेनच्या जायंट स्लॅलमला. पहिल्या फेरीतले तीसजण दुसऱ्या फेरीत जातात. तो एकतिसावा आला. एकेचाळीस विश्वचषक शर्यती जिंकलेला माणूस, आणि दुसऱ्या फेरीला पात्र नाही! त्या संध्याकाळी त्याला काय वाटलं असेल याची कल्पना तू करू शकतेस. दोन आठवडे उलटायच्या आत, २७ जानेवारीला, किट्झब्यूलमध्ये त्याने सुपर-जी जिंकली. पुढच्या हंगामात, २००४ला, तो चौथ्यांदा एकूण विजेता झाला, २००५ला बोर्मियोत जायंट स्लॅलमचा विश्वविजेता. २००९ला थांबला तेव्हा विश्वचषकातले विजय चोपन्न होते. म्हणजे अपघातानंतरचे तेरा. पूर्वीच्या एकेचाळिसांपुढे तेरा कमी दिसतात, पण मला त्या तेरांचं मोल जास्त वाटतं. पहिल्यासारखं शरीर आता मिळणार नाही, जे आहे त्याच्यावर काम करायचं, हे ज्याला मान्य होतं त्यालाच असे विजय मिळतात. एकतिसाव्या क्रमांकावर येण्याची लाज त्याने बाळगली असती तर किट्झब्यूलला तो गेलाच नसता.

तुझ्या गावात लोक विचारतील, ‘शिबिराला गेली होतीस ना, कितवी आलीस?’ त्यांना सरळ सांग की मी शर्यतीत नव्हते, वेग धरून द्यायला गेले होते. खालच्या आवाजात सांगू नकोस. फ्लाखाऊच्या ज्या उतारावर मायर मोजला न जाणारा म्हणून उतरला, त्या गावातला विश्वचषकाच्या शर्यतीचा उतार आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. पण त्या सकाळी त्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला फक्त समोरचा उतार नीट उतरायचा होता.

आता कामाचं. उद्याच नडगी दाखवून ये आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. अर्जासाठी रहिवासी दाखला लागेल, तो काढायला वेळ जातो, तेव्हा वडिलांना या आठवड्यातच तहसीलला पाठव. शिबिराच्या आधी दोन वेळा आठशे मीटर एकाहत्तरच्या फेरीने धाव, तेही नडगीला डॉक्टरांनी परवानगी दिली तरच, आणि दर दोनशेची वेळ वहीत लिहून मला पाठव. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत धावू नकोस. भावाला मैदानाच्या कडेला उभा कर आणि आकडा त्याला ओरडून सांगायला लाव.

आईला नमस्कार सांग.

तुझे
सर