आधी पद की आधी जर्मनी?

आपण मूळच्या निपाणीच्या, आठ वर्षे पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करीत आहात. जर्मनीतील एका कंपनीने टेस्ट इंजिनिअर म्हणून बोलावले आहे, तर पुण्यातील कंपनी थांबल्यास क्वालिटी लीड, म्हणजे टेस्टिंग चमूची प्रमुख, करू म्हणते. तेव्हा आधी पद घ्यावे की आधी देश बदलावा, असे आपण विचारले आहे. मीही बेळगाव जिल्ह्यातलाच, खानापूर तालुक्यातला. टेस्टर म्हणूनच जर्मनीत आलो आणि आता येथे एका विभागाच्या गुणवत्तेची जबाबदारी माझ्याकडे आहे. माझ्या मते आपण जर्मनीचे पत्र स्वीकारावे, मात्र नोटीस पीरियड आणि व्हिसा यांत जाणारे महिने पद नसतानाही लीडचे काम करून पाहण्यात घालवावेत.

हे काम म्हणजे काय, ते मला बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीमुळे उमगले. वडील तेथे कास्टिंग तपासत. रिजेक्ट मालाचा ढीग त्यांच्या टेबलाशेजारी वाढे आणि बोलणीही त्यांनाच बसत. साच्याच्या वाळूत ओल जास्त असली की कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वाफेची पोकळ छिद्रे, पडणारच, मी कितीही बारकाईने पाहिले म्हणून ते कमी कसे होतील, असे ते घरी येऊन म्हणत. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० पासून जपानी कारखानदारांना जे शिकवले, त्याचा गाभा याहून फारसा वेगळा नव्हता. टेस्टर ब्लोहोल दाखवतो. लीडला वाळूपाशी जावे लागते, आणि वाळू दुसऱ्या विभागाच्या ताब्यात असते, ही खरी अडचण आहे.

म्हणून गेल्या सहा महिन्यांत ग्राहकापर्यंत पोहोचलेले बग काढून बसा आणि प्रत्येकापुढे तो कोठे अडवता आला असता ते लिहा: रिक्वायरमेंटच्या, म्हणजे ग्राहकाला काय हवे याच्या, चर्चेत; सहकाऱ्याने कोड वाचून पाहण्याच्या कोड रिव्ह्यूत; कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या युनिट टेस्टमध्ये की आपल्या टेबलावर. हा कागद घेऊन डेव्हलपरांशी बोलणे म्हणजेच नेतृत्वाची पहिली परीक्षा होय. मी स्वतः नवा लीड असताना उलटे केले. प्रत्येक बगमागे आपोआप चालणारी नवी ऑटोमेशन टेस्ट वाढवत गेलो. अखेर रात्रभर चालणाऱ्या त्या रनमध्ये विनाकारण फेल होणाऱ्या टेस्टच इतक्या झाल्या, की फेल दाखवणाऱ्या लाल रंगाकडे पाहणेच लोकांनी सोडून दिले. त्यांतल्या निम्म्या काढून टाकल्यावर खरे बग पुन्हा दिसू लागले.

कोणी किती बग शोधले, हा हिशेब मात्र पुण्यातच सोडून या. ज्या जर्मन कंपनीत कामगारांचे निवडून आलेले मंडळ असते, तेथे माणसाच्या कामगिरीवर सॉफ्टवेअरद्वारे नजर ठेवायची तर त्या मंडळाची संमती लागते. त्यापेक्षा किती रिलीज बिघडले आणि बिघाडानंतर सेवा किती वेळात पूर्ववत झाली, एवढेच सांगता आले तरी लीडच्या मुलाखतीत आपले म्हणणे ऐकले जाईल. आयएसटीक्यूबी या टेस्टरांना प्रमाणपत्रे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे फाउंडेशन, म्हणजे पायाभूत, प्रमाणपत्र नसेल तर घ्या. पुढची परीक्षा कंपनीच्या खर्चाने देता येईल.

भाषेबाबत मी अधिक आग्रही आहे. टेस्टरचे काम इंग्रजीवर निभते. पण रिलीज थांबवा असे सांगायची वेळ येते तेव्हा बैठक हमखास जर्मनवर घसरते. ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, कायम वास्तव्याचा परवाना साधारणतः २७ महिन्यांनी मागता येतो, बी१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन असल्यास २१ महिन्यांनी. लीड व्हायचे तर मी त्याच्या वरची बी२ पातळी धरून चालेन.

कागदपत्रांत आपल्या भागातील लोकांची एक अडचण ठरलेली असते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या दाखल्यांवर एक नाव आणि नव्यांवर दुसरे येते. त्यात मराठी आडनावाचे कन्नडमार्गे इंग्रजीत झालेले स्पेलिंगही तपासून घ्या. पदवी व्हीटीयूची, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची असेल, तर विद्यापीठ आणि पदवी या दोन्ही नोंदी आनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या व पदव्यांच्या जर्मन सूचीत पाहाव्यात.

सही करण्यापूर्वी एवढे मात्र विचारा: रिलीज थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि रिक्वायरमेंटच्या चर्चेला टेस्टर बसतात का? टेस्टिंग सर्वांत शेवटी होते आणि तारीख ठरलेली असते, असे उत्तर आले, तर माझे वरचे मत बाजूला ठेवून पुण्यातले पद घ्या.