घरातलं छोटं वर्कशॉप कमी पैशात नीटनेटकं आणि स्वच्छ कसं ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की बाल्कनीतल्या 6 बाय 4 फुटांत लाकूडकाम करता, निम्मा वेळ हत्यार शोधण्यात जातो, भुसा हॉलपर्यंत येतो आणि घरात चार वर्षांची मुलगी आहे. माझं काम रत्नागिरीला, घराच्या मागच्या पडवीत चालतं. जागा तुमच्यापेक्षा थोडी मोठी, पण अडचणी याच होत्या.

आधी एक विनंती. डबे, ट्रे, खणांचे सेट यातलं काहीही आत्ता विकत आणू नका. मी सुरुवातीला बारा खणांचं कपाट आणलं, सगळी हत्यारं आत गेली आणि गोंधळ होता तसाच राहिला. डोळ्यांसमोर नसलेलं हत्यार आठवत नाही, आणि खण उघडून ते परत ठेवायचा कंटाळा येतो. मग ते टेबलावरच पडून राहतं. म्हणून रोज लागणारी हत्यारं भिंतीवर, उघडी आणि हाताच्या टप्प्यात हवीत.

भिंतीत जागोजागी खिळे मारू नका, प्लास्टर निघतं. प्लायचा एक उरलेला तुकडा घ्या. सुतारांच्या दुकानात असे तुकडे स्वस्तात मिळतात. चार भोकं, चार गिट्ट्या (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात ठोकतात त्या), चार स्क्रू, एवढ्यात तो भिंतीवर बसतो. मागे लाकडाच्या पट्ट्या देऊन भिंत आणि प्लाय यांत अर्धा इंच फट ठेवा, म्हणजे ओल हत्यारांपर्यंत येत नाही. आता प्लायवर हवे तिथे खिळे मारा. हत्यार टांगा, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि त्या रेघेवर जाड मार्कर ओढा.

ही रेघ किती कामाची आहे ते एका संध्याकाळी कळलं. काम संपवून दिवा बंद करायला गेलो, तर अर्ध्या इंची पटाशीची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्नीची, जागा रिकामी. पटाशी ढलप्यांच्या पोत्यात सापडली. सकाळी ते पोतं जाळायला पाणी तापवायच्या बंबाशेजारी जाणार होतं.

हत्यारं लावताना जातवारी करू नका, कामाप्रमाणे लावा. टेप, गुण्या (काटकोन तपासायचा), पेन्सिल एकत्र, कारण ती एकदमच लागतात. स्क्रू ड्रायव्हर ड्रिलच्या शेजारी. पटाश्यांच्या धारेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा, धारही टिकते आणि बोटंही.

स्क्रू-खिळ्यांसाठी जॅमच्या, लोणच्याच्या काचेच्या बरण्या पुरतात. झाकणं फळीच्या खालच्या बाजूला पक्की करा आणि बरणी खालून फिरवून बसवा. झाकणाला स्क्रू दोन मारा. एकच असेल तर बरणी उघडताना झाकणही तिच्याबरोबर फिरतं. फळी 18 मिलिमीटरची असेल तर अर्ध्या इंचाचे स्क्रू घ्या, टोक वर येत नाही. सात-आठ बरण्या खूप झाल्या. प्रत्येक मापाला वेगळी बरणी करायला गेलात तर ती शिस्त आठवडाभरही टिकणार नाही. उरलेल्या किरकोळ वस्तूंसाठी एकच डबा ठेवा. माझा डबा खंडेनवमीला रिकामा होतो. त्या दिवशी पूजेसाठी सगळी हत्यारं पुसायला निघतातच, मग वर्षभरात हात न लागलेलं सगळं भंगारात.

गंजाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पावसाळ्यात तो प्रश्न येणारच. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे यावर मी बराच जीव काढलाय. घामाच्या हातात मीठ असतं आणि रंध्याच्या पात्यावर बोटांचे ठसेच आधी गंजतात. काम झालं की कोरडं फडकं, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. खोबरेल वापरू नका, ते पुढे चिकट होतं आणि त्यावर भुसा बसतो. हत्यारं वर्तमानपत्रात गुंडाळून किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका, कागद हवेतली ओल ओढून घेतो. तेल लावलेलं सुती फडकं बरं.

भुशाचं म्हणाल तर बाल्कनी आणि हॉल यांच्यामध्ये जुनी चादर पडद्यासारखी लावा, खालची कड जमिनीला टेकेल अशी. झाडताना आधी मूठभर भुसा पाण्याने ओलसर करून जमिनीवर पसरा आणि मग केरसुणी फिरवा. बारीक धूळ त्याला चिकटते, उडत नाही. टेबलासाठी दोन इंची रंगाचा ब्रश. लोखंडाचा कीस उचलायला जुन्या स्पीकरचं लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, नंतर पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा, कीस आत राहतो. पॉलिश पेपर मारताना आणि झाडताना एन-95 मास्क मात्र लावाच. लाकडाच्या धुळीची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली कर्करोगकारक म्हणून केली आहे. साध्या लाकडाच्या ढलप्या आमच्या बंबात जातात. प्लाय आणि एमडीएफचे (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळ्यांचे) तुकडे जाळू नका, त्यातल्या डिंकाचा धूर विषारी असतो.

आणखी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. जवसाचं तेल लावलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडून फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. भुसा जवळ असेल तर विचारायलाच नको. फडकी उलगडून दोरीवर, घराबाहेर वाळवा आणि पूर्ण कडक झाल्यावरच टाका.

मुलीसाठी थिनर, ब्लेड आणि ड्रिलची पाती कडी-कुलपात, तुमच्या खांद्याच्या वर ठेवा. थिनर कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतू नका. प्लायच्या खालच्या कोपऱ्यात तिच्या उंचीला एक खिळा मारून तिथे तिचा लहान ब्रश टांगा, त्याच्याही कडेने रेघ ओढा. माझ्या मुलाचा असाच ब्रश होता, आणि संध्याकाळी टेबल झाडायला तो स्वतःहून यायचा.