बोली जिंकली, पैसे भरले, वस्तू कुठंय?

ऑनलाइन लिलावात घेतलेली वस्तू हातात न पडल्याची पत्रं हल्ली इतकी येतात की एकेकाला वेगळं उत्तर देणं होत नाही. शंकाही त्याच त्या, आणि बऱ्याचशा कुणाच्या तरी मेहुण्याने सांगितलेल्या ‘कायद्या’वरून निघालेल्या. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : विक्रेत्याशी झालेलं चॅटिंग पुरावा म्हणून चालतं का? (जळगाव)

चालतं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, ते वकिलाकडून नीट करून घ्या. तोवर फोन विकू नका आणि चॅट उडवू नका.

प्रश्न : जुना फिल्म कॅमेरा मला २,१०० रुपयांना सुटला. दुसऱ्या दिवशी विक्रेता म्हणाला, ‘पॅक करताना पडून फुटला, पैसे परत करतो.’ आठवड्याने तोच कॅमेरा, तेच फोटो, पुन्हा लिलावाला! त्याला असं करता येतं का? (नागपूर)

नाही येत. वस्तुविक्री अधिनियम, १९३० चं कलम ६४ सांगतं की हातोडा पडला की विक्री पुरी झाली. बोली मागे घ्यायची तर त्याआधी. ऑनलाइन हातोड्याच्या जागी घड्याळ असतं. वेळ संपली, तुमची बोली सर्वात वर होती आणि विक्रेत्याने राखीव किंमत (हिच्याखाली विकणार नाही, अशी आधीच ठरवलेली किंमत) ठेवलेली नव्हती, तर भाव कमी आला हे त्याचं दुखणं, तुमचं नाही. वस्तू न दिल्याबद्दल कलम ५७ खाली नुकसानभरपाई मागता येते. ती साधारणपणे बाजारभाव आणि तुमची बोली यांतल्या फरकाइतकी असते.

आता व्यवहाराचं बोलू. नव्या लिलावाच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि लिलाव क्रमांक दिसला पाहिजे. दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून साइटकडे तक्रार करा. पैसे परत आले तर घ्या, पण ‘माझी काही तक्रार उरलेली नाही’ असं लिहून देऊ नका. एवढ्या रकमेसाठी पुढे जायचं का, हे ठरवण्याआधी कागद कुणा जाणत्या वकिलाला दाखवा. जाता जाता : आपल्याच मित्रांना बसवून भाव चढवणं हाही कलम ६४ खालीच बसणारा प्रकार आहे. तसं सिद्ध झालं तर खरेदीदाराला व्यवहार मोडता येतो.

प्रश्न : शिवराई नाण्यांचा एक लॉट ६,४०० रुपयांना घेतला, पैसे क्रेडिट कार्डाने भरले. पाच आठवडे झाले. विक्रेता फोन उचलतो, गोड बोलतो. आधी सासरे दवाखान्यात होते, मग कुरिअरवाला आला नाही, आता ‘सोमवारी नक्की’. माणूस चांगला वाटतो. थांबावं का? (नाशिक)

थांबू नका. तक्रार आज करा.

हा प्रश्न मी सविस्तर घेणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या ज्या प्रकरणांत काहीच करता येत नाही, त्यांतली बहुतेक फसवणुकीमुळे नव्हे, थांबण्यामुळे हातची गेलेली असतात. विक्रेता चांगला की वाईट हे मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. पण तुमच्या मुदती त्याच्या सासऱ्यांच्या तब्येतीसाठी थांबत नाहीत, हे मात्र नक्की.

कोणत्या मुदती? पहिली साइटची. उदाहरणादाखल ईबे घ्या. तिथे वस्तू मिळाली नाही ही तक्रार, वस्तू पोचायची शेवटची अपेक्षित तारीख उलटल्यापासून ३० दिवसांच्या आत करावी लागते. विक्रेत्याला उत्तरासाठी कामकाजाचे ३ दिवस मिळतात, त्यानंतर तुम्ही ईबेला मध्ये पडायला सांगू शकता. एकतिसाव्या दिवशी तुमची बाजू कितीही खरी असली तरी ती हमी उरत नाही. पैसे पेपालने दिले असतील तर दुसरी मुदत १८० दिवसांची. ऐकायला भरपूर वाटते, पण आत एक खोच आहे : वाद नोंदवल्यावर २० दिवसांत त्याचं रीतसर दाव्यात रूपांतर केलं नाही, तर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडत नाही. तिसरी मुदत कार्डाची. माल न मिळाल्याबद्दल चार्जबॅक (कार्डाच्या बँकेमार्फत पैसे परत) मागायला व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत साधारण १२० दिवस आहेत, पण तुमची बँक स्वतःच्या सोयीसाठी अर्ज त्याहून बराच आधी मागू शकते. म्हणून बँकेला फोन करून तारीख विचारा आणि अर्ज लेखी द्या. नुसत्या फोनचा उपयोग नाही. चौथी मुदत ग्राहक आयोगाची : तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. ही सर्वात लांबची, त्यामुळे लोक तिच्याच भरवशावर बसतात आणि सोप्या तीन वाटा बंद करून घेतात.

मुरलेल्या विक्रेत्याला या तारखा तुमच्यापेक्षा चांगल्या पाठ असतात. त्याची कारणं नीट बघा. एकही कारण आठवड्याहून लांबचं नसतं. ‘दोन महिने लागतील’ म्हणाला तर तुम्ही लगेच तक्रार कराल, म्हणून तो ‘सोमवारी’ म्हणतो. असे पाच-सहा सोमवार गेले की एके दिवशी फोन लागत नाही, आणि साइटवर तक्रारीचं बटणही दिसत नाही. मग मला पत्र येतं.

संबंध बिघडतील ही भीती मला कधीच कळलेली नाही. ज्याचा चेहरा पाहिला नाही त्याच्याशी कसले संबंध? तक्रार नोंदवली म्हणजे भांडण झालं असंही नाही. सोमवारी वस्तू खरंच आली तर तक्रार बंद करायला मिनिटभर लागतं. साइटच्या चॅटमध्येच, फोनवर नाही, एवढं लिहा : ‘अमुक क्रमांकाच्या लिलावाचे ६,४०० रुपये मी अमुक तारखेला भरले. वस्तू अद्याप पाठवलेली नाही. येत्या ३ दिवसांत बुकिंगची पावती आणि ट्रॅकिंग क्रमांक द्यावा. आज साइटकडे तक्रार नोंदवली आहे.’ विनवणी नको आणि शिव्याही नकोत. फोनवर जे बोलणं झालं तेही त्याच दिवशी चॅटमध्ये उतरवा : ‘आज आपण सोमवारी पाठवतो म्हणालात.’ त्याने उत्तर दिलं तर तुमच्या हाती कबुली येते. दिलं नाही तर ते मौनही पुढे कामी येतं. आणि बँकेला आजच गाठा.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, ‘आधी तक्रार मागे घ्या, मग रिफंड देतो.’ (ठाणे)

अजिबात नाही. आधी खात्यात पैसे, मग तक्रार बंद.

प्रश्न : ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, पण आमच्याकडे काहीच आलेलं नाही. साइटने त्यावरच माझी तक्रार फेटाळली. आता? (सांगली)

ही युक्ती जुनी आहे. विक्रेता तुमच्याच पिनकोडमधल्या भलत्याच पत्त्यावर एक किरकोळ पाकीट पाठवतो आणि त्याचा क्रमांक तुमच्या खरेदीला चिकटवतो. ट्रॅकिंगच्या पानावर फक्त गाव आणि ‘डिलिव्हर्ड’ दिसतं, दार दिसत नाही. साइटचं यंत्र तेवढ्यावर समाधान मानतं.

तुम्ही मानू नका. आधी घरात, शेजारी आणि सोसायटीच्या वॉचमनकडे विचारा. हसू नका, कपाटामागे सापडलेली पार्सलं मी पाहिली आहेत. मग ज्या पोस्ट ऑफिसातून किंवा कुरिअरच्या शाखेतून ते वाटलं गेलं तिथे लेखी अर्ज करा आणि दोन गोष्टी मागा : कुणाच्या सहीने दिलं, आणि बुकिंगच्या वेळी वजन किती होतं. वजन बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. स्पीड पोस्टच्या पावतीवर ते छापलेलं असतं. तुम्ही पितळी समई घेतली असेल आणि पावतीवर ४० ग्रॅम असेल, तर पुढे फार वाद घालावा लागत नाही. ‘या क्रमांकाची वस्तू या पत्त्यासाठी नव्हती’ असं पोस्टाकडून लेखी मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते जोडून साइटकडे फेरविचार मागा. तिथे दाद लागली नाही तर साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. विक्रेत्याचा पत्ताही लेखी मागा, तो देणं साइटवर बंधनकारक आहे. परदेशी साइट असेल तर हे सगळं कितपत लागू होतं, हे मात्र वकिलाकडून तपासून घ्या.

प्रश्न : व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या लिलावात नोटा घेतल्या. १८,५०० रुपये विक्रेत्याच्या नंबरवर यूपीआयने पाठवले. त्याने ब्लॉक केलं. अॅडमिन म्हणतो, ‘ग्रुप फक्त माध्यम आहे.’ तीन दिवसांत कळवलं तर बँकेला पैसे परत द्यावेच लागतात असं ऐकलं, ते खरं ना? (सोलापूर)

खरं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन दिवसांची जी गोष्ट आहे, ती तुमच्या परवानगीविना खात्यातून गेलेल्या पैशांची. इथे पिन तुम्हीच टाकलात. अर्धवट वाचलेलं हे परिपत्रक लोक एकमेकांना पाठवत बसतात आणि त्यात पहिले मोलाचे तास जातात.

त्या तासांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकायची असते. रक्कम समोरच्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. अजून केलं नसेल तर उशीर झाला असला तरी करा. मग पोलीस ठाणं. तिथे ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर मिळायची शक्यता मोठी, आणि कधी कधी ते बरोबरही असतं, कारण नुसता उशीर म्हणजे फसवणूक नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ साठी सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू दिसावा लागतो. म्हणून ग्रुपमध्ये विचारा, आणखी कुणाचे पैसे अडकलेत का? एकच नोट चौघांना विकलेली निघाली तर हेतू आपोआप दिसतो. सगळ्यांनी मिळून जा.

अॅडमिनचं म्हणाल, तर तो कमिशन घेतो का, पैसे त्याच्या खात्यातून जातात का, ‘हमी माझी’ असं त्याने कधी लिहिलं होतं का, यावर सारं अवलंबून आहे. नियमित कमिशन घेऊन लिलाव चालवणारा ‘फक्त माध्यम’ राहतो, हे मला पटत नाही. पण मला पटून उपयोग नाही, आयोगाला पटलं पाहिजे. ग्रुपवरचे जुने मेसेज घेऊन वकिलाकडे जा.

प्रश्न : ईबेवर जपानमधून लेन्स घेतली. तीन आठवडे ट्रॅकिंग कस्टम्सवर अडकलंय. विक्रेत्यावर तक्रार करू का? (कोल्हापूर)

आधी विक्रेत्याला दोष देऊ नका. पार्सल टपालाने आलं की कुरिअरने ते बघा. कुरिअर कंपनी ओळखपत्र, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा मागते, ते दिलं नाही तर वस्तू तिथेच पडून राहते. तुमचा ईमेल, स्पॅमसकट, तपासा. ड्यूटी भरण्यासाठी एसएमएसवर लिंक आली असेल तर ती उघडू नका. क्रमांक घेऊन पोस्टात किंवा कुरिअरच्या अधिकृत साइटवर खात्री करा. चौकशी चालू असताना ईबेची ३० दिवसांची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. ती गेली तर पुढचं पत्र मला लिहू नका.

प्रश्न : लिलावात घेतलेल्या घड्याळाचे पैसे भरले, घड्याळ आलंच नाही. ‘लिलावात घेणारा ग्राहक नसतो, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय’ असं विक्रेत्याच्या वकिलाने उत्तर दिलं. (रत्नागिरी)

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तसं म्हटलं ते चंदीगड प्रशासनाने लिलावात दिलेल्या भूखंडांबद्दल. जागा आहे तशी पाहून, सोयी-गैरसोयी जाणून बोली लावणाऱ्याला नंतर सोयी नाहीत म्हणून ग्राहक म्हणून तक्रार करता येत नाही, असा तो मुद्दा होता. पैसे घेऊन घड्याळ न पाठवणाऱ्या विक्रेत्याला त्याचा आडोसा कितपत मिळेल, याची मला शंका आहे. मला काळजी वेगळी वाटते : तुम्ही ते घड्याळ पुन्हा विकायला घेतलं होतं का? तसं असेल तर ‘व्यापारी हेतू’चा, म्हणजे विकायला घेणारा ग्राहक नव्हे, असा आक्षेप येईल आणि तो दमदार असतो. शिवाय विक्रेता आजोबांची एकच वस्तू विकणारा घरगुती माणूस असेल, तर ई-कॉमर्स नियम त्याला लागू होत नाहीत. तेव्हा दिवाणी दाव्याचा विचार करावा लागतो. उत्तर देण्याआधी तुमच्या वकिलाला ही दोन्ही अंगं सांगा, लपवू नका.

प्रश्न : माझ्याकडची ट्रॅक्टरची पाचची नोट लाखांत जाईल म्हणतात, फक्त आधी ‘आरबीआय टॅक्स’ भरायचाय. (परभणी)

भरू नका. रिझर्व्ह बँक असा कर किंवा कमिशन घेत नाही, तिने २०२१ मध्ये तसं जाहीरही केलं आहे. भरला असेल तर १९३०.

प्रश्न : तीन हजारांसाठी कोर्टकचेरी परवडते का? (पुणे)

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिला आदेश द्यायचा अधिकार नाही, पण बऱ्याच साइटवाल्यांना तिथून विचारणा गेली की जाग येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग (लोक अजून ‘मंच’ म्हणतात, चालेल). भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. २०१९ च्या कायद्याने ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेता कोलकात्याला असला तरी पुण्यातच. नोटीस कायद्याने आवश्यक नाही, तरी स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. तक्रारीचा मसुदा दाखल करण्याआधी ग्राहक संघटनेतल्या किंवा आयोगात काम करणाऱ्या कुणाच्या तरी नजरेखालून घाला. आणि प्रतिपक्ष म्हणून विक्रेता आणि साइट दोघांनाही घ्यायचं का, हे त्यांना विचारा. एकालाच घेतलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.