पेपरचं इंग्रजी चॅटजीपीटीकडून नीट करून घेतलं तर ती चोरी होते का?

तुमचे गाईड चोरी म्हणतात असं लिहिलंय म्हणून उत्तर द्यायला बसलो, नाहीतर सोडून दिलं असतं. भाषा साफ करून घेणं चोरी नाही. 'नेचर' या विज्ञानाच्या जर्नलनं जानेवारी २०२३ मधेच सांगून टाकलं, वापरलं तर तसं लिहा पण मशीनचं नाव लेखकात टाकू नका, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही.

आता ही जबाबदारी. माझा पेपर दारव्हा तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीवर होता. दिवाळीनंतर सकाळीच धुऱ्यावर जाऊन बसायचं, बाया वेचता वेचता बोलायच्या, संध्याकाळी काट्यावर माप झालं की किलोमागं काय पडलं ते वहीत उतरवायचं. गाईडनं पेपर न उघडता पहिलं नाव स्वतःचं टाकलं, दुसरं विभागप्रमुखांचं, ज्यांनी पऱ्हाटी गाडीच्या काचेतूनच पाहिली असेल. मी तोंड उघडलं तर म्हणे, "काऊन रे, नाव टाकाले तुयं काय जाते?" व्हायवा व्हायचा होता, गप बसलो. तेच सर आता सेमिनारमधे एआय आणि नैतिकता यावर भाषण देतात आन् डिटेक्टरवर, म्हणजे मजकूर मशीनचा आहे का ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर, लाल आलं की पोरांचे चॅप्टर परत करतात. २०२३ च्या स्टॅनफर्डच्या तपासणीत टोफेल ही परदेशी लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध अशा डिटेक्टरांनी मशीनचे ठरवले होते, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं तर त्याच वर्षी जुलैत स्वतःचाच डिटेक्टर बंद केला, अचूकता कमी म्हणून. आपलं मराठी मिडियमचं इंग्रजी तिथं अडकणारच.

हां, मशीन भाषा सुधारता सुधारता मजकूर घुसवते. परवा माझ्या परिच्छेदात "यांत्रिक वेचणीमुळे मजुरी घटली" असं आलं, इथं वेचणी हातानं होते बाप्पा! नसलेले संदर्भही बिनधास्त देते, एकेक उघडून पाहा. आन् विश्लेषणच त्याच्याकडून लिहून घेणार असाल तर तुमचे गाईड बरोबर आहेत, मग नक्कल शोधणारा समानतेचा रिपोर्ट कितीही स्वच्छ येवो.

सगळे गाईड तसे नसतात हेही खरं, आमच्याच डिपार्टमेंटच्या एक मॅडम स्वल्पविरामापर्यंत वाचायच्या. पण मेडिकल जर्नलवाल्यांचा आयसीएमजेईचा नियम पाहा: कामात हातभार, लिखाणात किंवा तपासण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला मंजुरी आन् जबाबदारी, चारही असेल तरच लेखक. पेपर पाठवायच्या आधी तुमच्या सरांना विचारा, "यातले आकडे कोणी विचारले तर उत्तर तुम्ही देणार ना?" तोंडी नको, ईमेलवर.